दहा मार्कांची सेवा

अनंत चतुर्दशीच्या रात्री जुहू किंवा वर्सोव्याच्या किनाऱ्यावर गेलात तर निर्माल्य कलशापाशी कॉलेजची पोरं उभी दिसतील. घसे बसलेले, पायांना ओली वाळू. "काका, हार इकडे द्या, पिशवी नको." छातीवर लाल-निळा बिल्ला आणि त्यात कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक. आठ आऱ्यांचं, म्हणजे आठही प्रहर सेवेला हजर.

हे एनएसएसवाले, राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाने समाजासाठी काही केलं म्हणून त्याला शिष्यवृत्ती देण्याची रीत कुठे कुठे आहे. आपल्या उपनगरांतल्या कॉलेजांत मात्र या सेवेची जुनी, ठरलेली पोच म्हणजे मुंबई विद्यापीठाचे दहा मार्क.

ते फुकट मिळत नाहीत. वर्षाला 120 तास भरावे लागतात, दोन वर्षांत 240. त्या 120 तासांतले साधारण 20 ओळख-प्रशिक्षणाचे, 30 कॉलेजच्या आवारातले आणि 70 वस्तीत. शिवाय एका गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. मुलुंड-घाटकोपरच्या ज्या मुलाने आयुष्यात फावडं धरलेलं नसतं, तो तिथे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालतो. दुसऱ्या दिवशी हाताला फोड येतात आणि तिसऱ्या दिवशी त्या फोडांचे फोटो घरी जातात.

या योजनेच्या मुळाशी एक मराठी माणूस आहे, हे फारसं कुणाला आठवत नाही. मुंबईच्या प्रश्नावरून केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नात्याचे. 1959 मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली गेली. माध्यमिक शिक्षण संपल्यावर, विद्यापीठात पाऊल टाकण्याआधी, नऊ महिने ते वर्षभर सक्तीची सेवा करावी, असा तिचा सल्ला होता. खर्चाचा आणि सक्तीचा विचार करून सरकार कचरलं. पुढे शिक्षणतज्ज्ञ के. जी. सय्यदैन यांनी इतर देशांतल्या पद्धती पाहून ऐच्छिक सेवेकडे कौल दिला. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत 40,000 विद्यार्थ्यांनिशी योजना सुरू झाली. वर्षभराची सक्ती गेली आणि तासांचा हिशेब आला.

या हिशेबाला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मार्कांसाठी केलेली सेवा ती काय सेवा, असं ते म्हणतात. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. एटीकेटीच्या काठावरच्या मुलाला हे मार्क वर्ष वाचवणारे ठरू शकतात आणि तो त्यासाठीच आलेला असतो, हे खरं. पण वस्तीतल्या आजीला पेन्शनचा फॉर्म भरून देताना मुलगा कशासाठी आलाय, हे ती विचारत नाही. फॉर्म नीट भरला ना, एवढंच बघते. माझी तक्रार वेगळी आहे. तासांची नोंद ठेवायच्या डायरीत वस्तीतला तास आणि भाषण ऐकल्याचा तास सारख्याच वजनाने भरतात, आणि भाषण ऐकणं केव्हाही सोपं.

मार्कांशिवाय 1993-94 पासून एनएसएसचे राष्ट्रीय पुरस्कारही आहेत. ते मोजक्यांच्या वाट्याला येतात. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एनएसएसला क्रेडिटही मिळू लागलं आहे. पण नावनोंदणीच्या वेळी मुलं अजून विचारतात तेच, "सर, दहा मार्क नक्की ना?"

आणि विसर्जनाच्या पहाटे दोन वाजता तीच मुलं कलशातला उरलेला झेंडू घमेल्यात भरत असतात. डायरीत त्या रात्रीचे किती तास लिहायचे, यावर त्यांचा वाद चाललेला असतो.