ग्रुप मीटिंगचा थकवा उशिरा का येतो?

पीएचडी म्हणजे कोपऱ्यात एकट्यानं बसून वाचणं, असं समजून बरीच अंतर्मुख मुलं संशोधनाकडे वळतात. लॅबमध्ये आल्यावर कळतं की इथे ग्रुप मीटिंग आहे, जर्नल क्लब आहे, ज्युनिअर्सची प्रॅक्टिकल्स आहेत आणि सगळ्यांनी मिळून चहाला जाणंही आहे. संध्याकाळी पेपर उघडला की एक परिच्छेद डोक्यात शिरत नाही. मग वाटायला लागतं, संशोधन आपल्याला झेपणारं नाही.

थांबा जरा. फिनलंडमधल्या लाइकास आणि इल्मारिनेन यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहभागींना दिवसातून अनेकदा विचारलं होतं: आत्ता किती बोलकं वागताय, मूड कसा आहे, किती थकलात? बोलकं वागताना लोकांना छानच वाटत होतं. पण साधारण तीन तासांनी थकवा वाढलेला दिसला, आणि तो अंतर्मुखांइतकाच बहिर्मुखांमध्येही! (हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. हा फरक करायची सवय आत्तापासूनच लावून घ्या.)

म्हणजे अकराच्या मीटिंगचा हिशोब दोन वाजता होतो, आणि आपण दोष देतो दुपारच्या पेपरला. म्हणून मला वाटतं, दमल्यावर नाही, मीटिंग संपल्या संपल्याच ब्रेक घ्यावा. ब्रायन लिटल हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अंतर्मुख, पण व्याख्यानं एकदम जोरदार. दोन व्याख्यानांच्या मध्ये ते चक्क स्वच्छतागृहात जाऊन बसायचे, कारण तिथे कुणी गप्पा मारायला येत नाही. अशा जागेला ते 'रिस्टोरेटिव्ह निश' म्हणतात.

ब्रेक म्हणजे जादू नव्हे. २०२२ साली 'प्लॉस वन'मध्ये आलेल्या मेटा-अॅनालिसिसनुसार दहा मिनिटांपर्यंतच्या ब्रेकनं उत्साह थोडा वाढतो, थकवा थोडा कमी होतो. काम सरसकट सुधारतंच असं नाही. डोकं पिळून काढणाऱ्या कामानंतर जास्त वेळ लागू शकतो.

फोन मात्र टेबलावरच ठेवा. व्हॉट्सअॅप म्हणजे परत माणसंच. आणि चहा पूर्ण बंद करू नका. लोक शिष्ट समजतात ते वेगळंच, पण इन्स्ट्रुमेंटच्या निम्म्या खाचाखोचा टपरीवरच कळतात. आठवड्यातून दोनदा जा, बाकी दिवशी 'दहा मिनिटांत येतो' एवढं सांगून सटका.

प्रवेशाआधी लॅब बघायला जाल तेव्हा मागचा जिना आणि लायब्ररीचा शेवटचा कोपरा कुठे आहे तेही बघून ठेवा. गच्चीच्या भरवशावर राहू नका, तिला बहुतेक ठिकाणी कुलूप असतं.