१२ व्होल्ट आणि जाड वायर

सातपुड्यातल्या पाड्यांवर छपरावरचं सोलर पॅनेल आता नवलाचं राहिलेलं नाही. पॅनेल, चार्ज कंट्रोलर, १२ व्होल्टची बॅटरी आणि डीसी दिवे, की झालं काम. इन्व्हर्टर नाही, त्यामुळे त्यात वाया जाणारी वीजही वाचते. खरी मेख आहे वायरमध्ये.

दोन बीएलडीसी पंखे मिळून साधारण ६० वॅट खातात. २३० व्होल्टवर त्यासाठी जेमतेम पाव अँपिअर लागतो. १२ व्होल्टवर ५ अँपिअर. प्रवाह १९ पट, पण वायरमधला तोटा प्रवाहाच्या वर्गाने वाढतो, म्हणून तो साडेतीनशे पटींहून जास्त! दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर १० मीटर लांब नेली, तर जाऊन-येऊन २० मीटर होते आणि सव्वा व्होल्ट वाटेतच जिरतो. पंखा मंदावणारच. ४ चौरस मिलिमीटरची वायर घेतली की हीच घट अर्ध्या व्होल्टच्या आत येते. तांबं महाग, हे कबूल. मग बॅटरी तरी घराच्या मधोमध ठेवावी.

१२ व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण शॉर्ट झालं तर हीच बॅटरी शेकडो अँपिअर ओतते, वायर लालबुंद होते. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकालगतच हवा, आणि स्वस्तात काम उरकणारे नेमका तोच गाळतात.