विश्लेषण : पन्हाळा-पावनखिंड सहज चालणाऱ्यांनाही हिमालयात त्रास का होतो? उंचीवरील ट्रेकचे नियोजन कसे करावे?

पावसाळा आला की पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीसाठी कोल्हापूरकरांची पावले वळतात. चिखल, पाऊस, धुके अंगावर घेत दोन दिवसांत सुमारे ५० किलोमीटर चालून आले, की अनेकांच्या डोक्यात पुढचे ठिकाण घोळू लागते, ते म्हणजे हिमालय. कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकर हिने १४ मे २०२२ रोजी एव्हरेस्ट सर केले आणि हे स्वप्न शहराला आणखी जवळचे वाटू लागले. मात्र सह्याद्रीत कधीही न दमणारे ट्रेकर हिमालयात चार हजार मीटरवर डोके धरून बसतात, असे अनेकदा घडते. असे का होते आणि ते टाळण्यासाठी नियोजन कसे करावे, याचा हा आढावा.

उंचीवर नेमके काय होते?

हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण सगळीकडे सारखेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. उंची वाढते तसा हवेचा दाब कमी होतो आणि प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन घटतो. लेहमध्ये, म्हणजे सुमारे ३,५०० मीटरवर, तो समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के असतो. एव्हरेस्ट बेस कॅम्पवर (५,३६४ मीटर) तो जवळपास निम्मा होतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर (८,८४८.८६ मीटर) जेमतेम एक तृतीयांश उरतो.

शरीर याच्याशी जुळवून घेते, पण सावकाश. आधी श्वासाचा वेग वाढतो, मग मूत्रपिंडे रक्तातील आम्ल-अल्कलीचा तोल सावरतात. रक्तातील लाल पेशी वाढायला तर काही आठवडे लागतात. या प्रक्रियेला गिर्यारोहक ‘अॅक्लमटायझेशन’ म्हणतात.

सह्याद्रीतील सराव उपयोगी पडत नाही का?

पडतो, पण अर्धाच. जोतिबाचा डोंगर, पन्हाळा, रांगणा यांच्या चढ-उतारांनी पाय, गुडघे आणि दम तयार होतो. विरळ हवेची सवय मात्र इथे होऊ शकत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. उंचीचा त्रास साधारण अडीच हजार मीटरनंतर सुरू होतो.

त्यातही एक मेख आहे. तंदुरुस्त माणसाला उंचीचा त्रास कमी होतो, असे नाही. उलट तो भरभर चढतो आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळच देत नाही. त्यामुळे रोज दहा किलोमीटर धावणारा तरुण आजारी पडतो आणि संथ चालणारे काका व्यवस्थित पोहोचतात, असे होऊ शकते.

मग नियोजनात सर्वांत महत्त्वाचे काय?

दिवस. सर्वमान्य नियम असा, की तीन हजार मीटरनंतर रात्रीच्या मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. दिवसा उंच चढून झोपायला खाली यावे.

एव्हरेस्ट बेस कॅम्पचे उदाहरण घेऊ. लुक्ला (सुमारे २,८६० मीटर) येथे उतरल्यावर पहिला मुक्काम फाकडिंग, दुसरा नामचे बाजार (३,४४० मीटर). ही उडी मोठी असल्याने नामचेत एक दिवस थांबायचे. त्यानंतर तेंगबोचे (३,८६० मीटर) आणि दिंगबोचे (४,४१० मीटर). तिथे पुन्हा एक दिवस. मग लोबुचे, गोरखशेप आणि बेस कॅम्प. परतीचे चार दिवस धरून लुक्लापासून काठमांडूला परत येईपर्यंत १२ दिवस होतात. कोल्हापूर-काठमांडू येण्याजाण्याचे चार दिवस, काठमांडूत तयारीचा एक आणि लुक्लाचे विमान हवामानामुळे रद्द झाले तर हाताशी दोन दिवस. गणित १९ दिवसांवर जाते.

खरी अडचण इथेच येते. एवढी सलग रजा मिळत नाही, मग आराखड्यातून दिवस कापले जातात. कापले जातात ते नेमके नामचे आणि दिंगबोचेचे थांबे, कारण कागदावर ते रिकामे दिसतात. प्रत्यक्षात तेच दिवस माणसाला वर नेतात. रजा कमी असेल तर कमी उंचीचा ट्रेक निवडणे हा सुरक्षित मार्ग. उत्तराखंडमधील केदारकंठा (सुमारे ३,८०० मीटर) हा पहिल्या हिमालयीन अनुभवासाठी अनेकांचा पर्याय असतो.

धोक्याची लक्षणे कोणती?

डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, भूक मरणे, चक्कर किंवा विलक्षण थकवा ही सुरुवात. उंचीवरील डोकेदुखी ही दुसरे कारण सापडेपर्यंत उंचीचीच समजावी. लक्षणे असताना पुढे चढू नये, वाढली तर खाली उतरावे.

दोन अवस्था जीवघेण्या आहेत. फुप्फुसात पाणी साचल्यास बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, कफ गुलाबी फेसाळ होतो. मेंदूला सूज आल्यास माणूस असंबद्ध बोलतो, तोल जातो. टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालता येते का, ही साधी चाचणी गाइड घेतात. अशा वेळी रात्र असली तरी उतरणे हाच उपचार. ऑक्सिजन आणि औषधे उतरण्यासाठी वेळ मिळवून देतात, उतरण्याची जागा घेत नाहीत.

कोविडकाळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर सोबत असावा, पण पाच हजार मीटरवर ८० च्या घरातील आकडा पाहून घाबरू नये आणि चांगला आकडा पाहून लक्षणांकडे दुर्लक्षही करू नये. अॅसिटाझोलामाइड (डायमॉक्स) ही गोळी शरीराला जुळवून घ्यायला मदत करते. मात्र सल्फा औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांना ती त्रासदायक ठरू शकते, त्यामुळे डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

तयारी कधीपासून आणि कशी?

किमान चार ते सहा महिने आधी. आठवड्यातून तीन-चार दिवस धावणे किंवा सायकल, दोन दिवस पायऱ्या आणि पायांचे व्यायाम, सुट्टीच्या दिवशी आठ-दहा किलोची सॅक घेऊन डोंगर. महिन्यातून एकदा सलग दोन दिवस चालावे, कारण हिमालयात दमलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशीही निघावे लागते. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि ईसीजी तपासून घ्यावा. ज्यांना पुढे शिखरे चढायची आहेत त्यांनी उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट येथील बेसिक कोर्स करावा.

पैसे भरण्याआधी काय विचारावे?

गाइडचे प्रशिक्षण, एका गाइडमागे किती जण, ऑक्सिजन सिलिंडर सोबत असतो का, राखीव दिवस किती आणि हवामान बिघडल्यास परतीचा निर्णय कोण घेतो. विम्यात किती मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टरने सुटका समाविष्ट आहे, हे पॉलिसीत वाचावे. नेपाळला विमानाने जाणाऱ्या भारतीयांना व्हिसा लागत नाही, मात्र पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. आधार कार्डवर भिस्त ठेवू नये.

परत फिरणे म्हणजे अपयश का?

जून २०२४ मध्ये उत्तराखंडमधील सहस्रताल ट्रेकवर कर्नाटकातील ट्रेकर्सचा गट हिमवादळात अडकला आणि ९ जणांचा मृत्यू झाला. उन्हाळ्यातही हिमालयात हवामान काही तासांत पालटते, हे या घटनेने पुन्हा दाखवले. कस्तुरी सावेकरलाही २०२१ मध्ये खराब हवामानामुळे एव्हरेस्टवरून मागे फिरावे लागले होते. पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली आणि माथ्यावर पोहोचली. त्यामुळे आराखडा करतानाच कोणत्या वेळी, कोणत्या लक्षणाला आणि कोणाच्या शब्दावर परत फिरायचे, हे गटातील प्रत्येकाने ठरवून घरच्यांनाही सांगून ठेवावे. विरळ हवेत डोके नीट चालत नाही, म्हणून हा निर्णय कोल्हापुरातच झालेला बरा.