सुईनं पोर तापलं, तरी पुढचा डोस चुकवू नका

दीड महिन्याच्या बाळाला पेंटाची लस टोचली, की रात्री अंग तापते, मांडी सुजते. मग घरात वाद. "चांगलं पोर आजारी पाडलं, आता सुई नको," आजी म्हणते; आई-बाप घुटमळतात. अडीच महिन्यांचा डोस राहतो तो इथेच.

हा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. नर्सबाई सांगतील तेवढेच औषध द्यावे, अंगावर पाजत राहावे. टोचलेल्या जागी काही चोळू नये. मात्र झटका आला किंवा बाळ दूध ओढेना, तर लगेच दवाखाना गाठावा.

पेंटा घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांपासून वाचवते. नवव्या महिन्यात गोवराची लस. २०२२ साली मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला. आजारी पडलेल्या अनेक मुलांना लसच मिळालेली नव्हती.

ऊसतोडीला निघताना लसीचं कार्ड सोबत घ्या. कोणत्याही सरकारी केंद्रात पुढचा डोस फुकट मिळतो. सरपंच-ग्रामसेवकांनीही कोप्यांवरच्या, वीटभट्टीवरच्या बाळांची नावे आशाताईंना कळवावीत. ताप दोन दिवसांचा. घटसर्प जिवावर बेततो.