लोकोपकारार्थ सायकलयात्रा: तिचा दिनक्रम व तिचा हिशेब

लोकोपकारी कार्यास द्रव्यसाहाय्य करणाऱ्या सद्गृहस्थांच्या मनांत एक शंका पुष्कळदां उभी राहते. ती अशी कीं, गरजूंसाठीं पैसा हवा तर तो सरळ मागावा. त्याकरितां शेंकडों मैल सायकल हांकीत जाण्याचें प्रयोजन काय? स्वारांच्या घामानें रोग्यास औषध मिळत नाहीं, तें पैशानेंच मिळतें. ही शंका रास्त आहे, व केवळ भावनेच्या बळावर तिचें समाधान होण्यासारखें नाहीं. म्हणून अशा एका मोठ्या यात्रेची हकीकत येथें थोडक्यांत देत आहों. ती वाचून व्यापारी, जमीनदार व इतर दाते यांनीं आपला निर्णय आपणच करावा.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत सॅन फ्रॅन्सिस्कोपासून लॉस एंजेलिसपर्यंत सायकलीवरून जाण्याची ही प्रथा 1994 सालीं सुरू झाली. एड्स रोगासंबंधीं पहिली सरकारी नोंद त्या देशांत जून 1981 मध्यें प्रसिद्ध झाली होती. ती लॉस एंजेलिस येथील पांच तरुण रोग्यांविषयीं होती. अनेक औषधें एकत्र देण्याची गुणकारी पद्धति 1996 च्या सुमारास प्रचारांत आली. तोंपर्यंत तरुण माणसें हजारोंनीं दगावत होतीं, आणि कित्येक रोग्यांपासून त्यांचे आप्तही दूर सरत. अशा काळीं सुमारें पावणेपांचशे स्वार पहिल्या यात्रेस निघाले. पुढें ही संख्या वाढत जाऊन कित्येक वर्षीं दोन हजारांहून अधिक झाली. 2002 पासून या यात्रेस 'एड्स/लाइफसायकल' असें नांव मिळालें. सॅन फ्रॅन्सिस्को एड्स फाउंडेशन व लॉस एंजेलिस एलजीबीटी सेंटर या दोन संस्था तिचा लाभ घेत व तिची व्यवस्थाही पाहत.

सात दिवसांत सुमारें 545 मैल कापावयाचे असत. मुक्काम सांताक्रूझ, किंग सिटी, पासो रोबल्स, सांता मारिया, लोम्पोक व व्हेंचुरा या गांवीं पडत. दुसऱ्या दिवशींची मजल शंभर मैलांच्या वर, तर पांचव्या दिवशींची पन्नासांच्याही आंत असे. आपल्याकडील पालखीच्या सोहळ्यांत जशी पुढच्या मुक्कामाची तयारी आधींच चाललेली असते, तशीच रीत तेथेंही दिसे. फरक इतकाच कीं, हें तंबूंचें सबंध गांव दररोज सकाळीं उठून सायंकाळीं दुसरीकडे वसलेलें असे.

दिवसाचा आरंभ पहांटे काळोखांतच होई. दोघांमागें एक तंबू असे. प्रत्येक तंबूच्या जागेस ओळीचें अक्षर व क्रमांक दिलेला असे, म्हणजे थकलेल्या माणसास अंधारांतही आपलें ठिकाण सांपडावें. उठतांच तंबू मोडावयाचा, बिछाना व कपडे बांधून नेमलेल्या मालमोटारीवर चढवावयाचे, न्याहारी करावयाची, चाकांत हवा भरून व साखळीस तेल देऊन निघावयाचें, असा क्रम असे. शिरस्त्राणावांचून कोणासही निघूं देत नसत. पुढें जाणाऱ्यानें डावीकडून येत असल्याचें ओरडून सांगावें, मागून मोटार आल्यास सर्वांस इशारा द्यावा, व कानांत गाणें लावून चालूं नये, हे नियम कडकपणें पाळले जात.

वाटेंत ठराविक अंतरावर विसाव्याचीं ठाणीं असत. तेथें पाणी, फळें व खारट खाऊ मिळे. कारण उन्हांत केवळ पाणी पिऊन भागत नाहीं, घामावाटे गेलेलें मीठही भरून काढावें लागतें. सायकल दुरुस्त करणारे कारागीर व वैद्यकीय मदतनीसही तेथें हजर असत. तिसऱ्या दिवशीं ब्रॅडली या लहानशा गांवीं शाळेच्या आवारांत गांवकरी जेवण विकीत, आणि त्या उत्पन्नांतून मुलांच्या शिक्षणास साहाय्य होई. यात्रेकरूंनीं दुसऱ्यांसाठीं निधि जमविला होता. वाटेवरील गांवानेंही त्यांच्या भुकेंतून आपल्या शाळेचें काम साधलें.

ज्यांस चढ चढवेना किंवा ज्यांच्या गुडघ्यांनीं असहकार केला, त्यांस मागून येणारी मोटार उचलून छावणींत आणी. यांत कोणी कमीपणा मानीत नसे. सायंकाळीं मोटारींत बसविलेल्या न्हाणीघरांत स्नान, मोठ्या मंडपांत पंगत, दुसऱ्या दिवशींच्या मार्गाची सूचना, व नऊच्या सुमारास निजानीज. स्वयंपाक, सामान, वाहतूक व औषधपाणी यांचा भार शेंकडों बिनवेतन स्वयंसेवक वाहत. पांचव्या दिवशीं सर्वजण तांबडीं वस्त्रें परिधान करीत. वळणावळणाच्या रस्त्यावरून ती रांग या रोगाच्या स्मरणार्थ लावतात त्या तांबड्या फितीसारखी दिसे. सहाव्या रात्रीं समुद्रकांठीं मेणबत्त्या लावून मृतांचें मूकस्मरण होई. स्वारांत स्वतः रोगबाधित असलेलेही पुष्कळ असत. त्यांस उघडपणें सायकलीवर बसलेले पाहून लोकांच्या मनांतील भीति जेवढी ओसरली, तेवढी व्याख्यानांनीं क्वचितच ओसरली असती.

आतां हिशेबाकडे वळूं. प्रत्येक स्वारास यात्रेपूर्वीं आपल्या आप्तेष्टांकडून किमान 3,000 डॉलर जमवावे लागत. म्हणजे सायकल चालविणें हा खरा उद्योग नव्हे. महिनोन्महिने दारोदार जाऊन मागणें हाच खरा उद्योग होय. जो मनुष्य एरवीं संकोचानें तोंड उघडणार नाहीं, तो "मी इतके मैल जाणार, आपण काय देतां?" असें विचारूं शकतो. पहिल्या शंकेचें उत्तर येथें आहे. 1994 पासून या मार्गानें एकंदर 30 कोटी डॉलरांहून अधिक निधि उभा राहिला, आणि रोगाची तपासणी, प्रतिबंध व शुश्रूषा यांकडे त्यांतील द्रव्य लागलें.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही दात्यांपुढें ठेवणें आमचें कर्तव्य आहे. आरंभींच्या वर्षांत यात्रेची व्यवस्था एका खासगी व्यावसायिक मंडळीकडे होती. जमलेल्या रकमेचा फार मोठा भाग तंबू, भोजन व जाहिरात यांतच खर्चीं पडतो, अशी तक्रार होऊं लागली. अखेर उपर्युक्त दोन्ही संस्थांनीं तो संबंध तोडला व 2002 मध्यें आपली स्वतंत्र यात्रा काढली. पुढें 2020 व 2021 सालीं महामारीमुळें रस्त्यावरील यात्रा होऊं शकली नाहीं. ती 2022 मध्यें पुन्हां सुरू झाली. तथापि खर्च चढत गेला, स्वार व वर्गणी घटत गेली. हा मेळ आतां बसत नाहीं, असें चालकांनीं स्वतःच जाहीर केलें, आणि जून 2025 मध्यें शेवटची यात्रा निघाली. तीस वर्षांचा लोकप्रिय सोहळा केवळ संवयीखातर न चालवितां वेळीं बंद करणें, हेंही विश्वस्तपणाचेंच लक्षण होय.

यावरून दात्यांस ध्यानांत ठेवण्याजोग्या गोष्टी दोन. मागणाऱ्याचे श्रम पाहून मन द्रवणें स्वाभाविक आहे, व त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र देतेवेळीं, शंभरांतील किती रुपये गरजूच्या हातीं पडणार व किती वाटेंत खर्च होणार, हें विचारण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. जो चालक या प्रश्नानें रागावतो, त्याच्याविषयीं सावध असावें. जो आपण होऊन वही पुढें करतो, त्यास निःशंकपणें साहाय्य करावें.