होस्टेलवरचे चौघे आणि बाकीचे ॲगीज

कुठल्याही कॉलेजचं माहितीपत्रक उघडा, 'आमचे नामवंत माजी विद्यार्थी' असं एक पान असतंच. अमुक बॅचचा तमुक, आता ढमुक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. फोटोत टाय हवाच! अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात ग्रीन्सबरो नावाचं शहर आहे. तिथल्या एका टेक्निकल कॉलेजच्या अशा पानावर अंतराळवीर आहे, राज्याचा मुख्य न्यायाधीश आहे, लष्करातले जनरल आहेत. आणि तिथे तितक्याच मानाने घेतलं जाणारं एक नाव अशा मुलाचं आहे, ज्याने डिग्री पूर्ण केलीच नाही आणि शेवटी साफसफाई खात्यात नोकरी केली.

आधी कॉलेजबद्दल. अमेरिकेत १८६२ साली मॉरिल कायदा झाला. केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या, त्या विकून शेतकी आणि यांत्रिकी शिक्षणाची कॉलेजं काढायची. पण दक्षिणेकडच्या राज्यांत त्या कॉलेजांचे दरवाजे कृष्णवर्णीयांना बंद. म्हणून १८९० साली दुसरा कायदा आला : एक तर प्रवेशात वर्ण बघू नका, नाही तर त्यांच्यासाठी वेगळं कॉलेज काढा. राज्यांनी काय निवडलं असेल ते सांगायला नको. नॉर्थ कॅरोलिनाने १८९१ साली जे कॉलेज काढलं, त्याचं नावच होतं 'ॲग्रिकल्चरल अँड मेकॅनिकल कॉलेज फॉर द कलर्ड रेस'. म्हणजे कॉलेज काढण्यामागचा सरकारी हेतू सरळ होता, ही पोरं आपल्या पोरांच्या शेजारी बसायला नकोत. पहिली काही वर्षं ते रॅली शहरात शॉ युनिव्हर्सिटीच्या आवारात चाललं, मग १८९३ मध्ये ग्रीन्सबरोला आलं. नावं बदलत बदलत १९६७ पासून ते नॉर्थ कॅरोलिना ॲग्रिकल्चरल अँड टेक्निकल स्टेट युनिव्हर्सिटी झालं. लोक म्हणतात नुसतं 'ए अँड टी'. आणि तिथली पोरं म्हणजे 'ॲगीज'. आपल्याकडे 'ॲग्रीची पोरं' म्हणतात ना, अगदी तसंच.

आता होस्टेल. १९५९-६० साली फर्स्ट इयरला चार मुलं होती. एझेल ब्लेअर आणि जोसेफ मॅकनील हे रूमपार्टनर, फ्रँकलिन मॅकेन आणि डेव्हिड रिचमंड हे दुसरे रूमपार्टनर. हॉलचं नाव स्कॉट हॉल. रात्री गप्पांचे फड रंगायचे. (होस्टेलचा हा नियम सगळ्या जगात सारखाच असावा.) विषय बहुतेक वेळा एकच : गावात आपल्याला मिळणारी वागणूक. मॅकनीलला नाताळच्या सुट्टीहून परत येताना बसस्टँडवर खायला देणं नाकारलं होतं. ब्लेअरने टीव्हीवर गांधीजींवरचा एक माहितीपट पाहिला होता, तो त्याच्या डोक्यातून जात नव्हता. नुसतं बोलून काय होणार, यावर चौघांचं एकमत झालं. ३१ जानेवारीच्या रात्री ठरलं, उद्या जायचंच.

१ फेब्रुवारी १९६०, सोमवार. लेक्चर संपल्यावर चौघे गावातल्या वूलवर्थच्या दुकानात गेले. हे म्हणजे सटरफटर सगळं मिळणारं मोठं दुकान. तिथे कृष्णवर्णीयांना टूथपेस्ट विकत मिळायची, वही मिळायची. फक्त जेवणाच्या काउंटरवर बसून खाता येत नसे, तिथली स्टुलं गोऱ्यांसाठी. यांनी काय केलं बघा. आधी किरकोळ वस्तू घेतल्या, पावत्या जपून ठेवल्या, आणि मग काउंटरवर बसून कॉफी मागितली. नकार मिळाल्यावर शांतपणे विचारलं, दोन पावलांवरच्या त्या काउंटरवर आमचे पैसे चालतात, मग इथे का नाही? पुरावा हातात असताना केलेला युक्तिवाद होता हा. कॉफी मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत ते बसून राहिले.

मॅकेन पुढे एक आठवण सांगायचा. काउंटरवर बसलेली एक गोरी म्हातारी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. आता ही शिव्या देणार असं त्याला वाटलं. ती उठून जवळ आली, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली की मला तुमचा अभिमान वाटतो. हे दहा वर्षांपूर्वीच का नाही केलंत, एवढंच दुःख आहे.

दुसऱ्या दिवशी वीसएक जण आले, तिसऱ्या दिवशी साठाच्या वर, चौथ्या दिवशी तीनशेच्या वर. शेजारच्या बेनेट कॉलेजच्या मुलीही होत्या. पोरं पाळ्या लावून बसायची, हातात पुस्तकं, कारण अभ्यास बुडवून चालणार नव्हतं! मार्च संपेपर्यंत हे लोण १३ राज्यांतल्या ५५ शहरांत पोचलं होतं. एप्रिलमध्ये या सगळ्या विद्यार्थ्यांची परिषद भरली आणि त्यांची देशव्यापी संघटना उभी राहिली. जागा कुठली? रॅलीची शॉ युनिव्हर्सिटी, म्हणजे ए अँड टी जिथे पहिल्यांदा भरलं तीच. शेवटी २५ जुलै १९६० रोजी ग्रीन्सबरोच्या वूलवर्थने नमतं घेतलं. त्या दिवशी काउंटरवर सगळ्यात आधी जेवल्या त्या दुकानातल्याच कृष्णवर्णीय कामगार बायका. इतकी वर्षं त्या तिथे राबत होत्या, पण बसून एक घास खायची मुभा त्यांना नव्हती.

मॅकनीलने इंजिनिअरिंग फिजिक्सची डिग्री घेतली, हवाई दलात गेला, आणि राखीव दलातून मेजर जनरल म्हणून निवृत्त झाला. २०२५ मध्ये तो वारला. मॅकेन केमिस्ट झाला, २०१४ मध्ये गेला. ब्लेअरने समाजशास्त्र केलं आणि पुढे जिब्रील खझान हे नाव घेतलं. रिचमंडचं शेवटी सांगतो.

स्कॉट हॉलच्या वाट्याला नंतरही शांतता आली नाही. मे १९६९ मध्ये शहरात दंगल उसळली. विली ग्राइम्स नावाचा ए अँड टीचा विद्यार्थी गोळी लागून मेला. गोळी कोणाची हे आजवर सिद्ध झालेलं नाही. दुसऱ्या दिवशी नॅशनल गार्डचे सैनिक पहाटे त्या होस्टेलमध्ये घुसले.

त्या वेळी कॅम्पसवर फिजिक्सचा एक विद्यार्थी होता, रोनाल्ड मॅकनेअर. साऊथ कॅरोलिनातल्या लेक सिटीचा, वडील मोटार मेकॅनिक, आई शिक्षिका. नऊ वर्षांचा असताना हा गावच्या लायब्ररीत गेला. कृष्णवर्णीय मुलाला पुस्तक मिळणार नाही म्हणाले. हा म्हणाला, मी थांबतो. आणि काउंटरवर चढून बसला! पोलिसांना बोलावलं, आईला बोलावलं, शेवटी पुस्तकं देऊनच त्याला घरी पाठवलं. आज ती इमारत त्याच्या नावाचं संग्रहालय आहे.

ए अँड टीत आल्यावर मात्र हाच मुलगा बिचकला. फिजिक्स झेपेल का? सॅक्सोफोन छान वाजवायचा, म्हणून संगीतच घ्यावं असं त्याच्या मनात आलं. तिथल्या समुपदेशक बाईंनी त्याला सांगितलं, तू फिजिक्स करू शकतोस. एवढंच. आपल्याकडे केटी लागलेल्याला असं सांगणारं कुणी भेटतं का, हा प्रश्न स्टाफने मनावर घ्यायला हरकत नाही. १९७१ मध्ये तो डिग्री घेऊन एमआयटीत गेला, लेझर फिजिक्समध्ये १९७६ साली पीएच.डी. झाला. मध्ये त्याची संशोधनाची आकडेवारी चोरीला गेली, ती त्याने पुन्हा सगळी उभी केली असं सांगतात. १९७८ मध्ये नासाने हजारो अर्जांतून ३५ जण निवडले, त्यात हा. फेब्रुवारी १९८४ मध्ये चॅलेंजरमधून अंतराळात गेला तेव्हा गिऑन ब्लूफोर्डनंतरचा तो दुसरा कृष्णवर्णीय अमेरिकन अंतराळवीर होता. सॅक्सोफोन बरोबर होताच, आणि तो वर वाजवलाही.

२८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर पुन्हा उडालं आणि ७३ सेकंदांत फुटलं. सातही जण गेले. कारण आपण मेकॅनिकलवाल्यांनी पाठ करून ठेवावं असं आहे : बूस्टरच्या सांध्यातली रबराची ओ-रिंग थंडीने कडक झाली आणि तिथून तप्त वायू बाहेर आला. आदल्या रात्री इंजिनिअरांनी उड्डाण नको म्हणून सांगितलं होतं. वरच्यांनी ऐकलं नाही. ए अँड टीच्या इंजिनिअरिंगच्या इमारतीला आज मॅकनेअर हॉल म्हणतात.

हेन्री फ्राय याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९५३ चा पदवीधर, हवाई दलात नोकरी करून आलेला. १९५६ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायला गेला तर 'साक्षरता परीक्षा' घेऊन त्याला परत पाठवलं. परीक्षेत राज्यघटनेवर सह्या करणाऱ्यांची नावं वगैरे विचारत. पास-नापास ठरवणारा कारकून. फ्राय वकील झाला, १९६८ मध्ये राज्याच्या विधिमंडळात निवडून आला आणि ही परीक्षा रद्द करायच्या मागे लागला. विधिमंडळाने मानलं, पण १९७० च्या सार्वमतात लोकांनी फेटाळलं! तरी १९९९ मध्ये तोच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य न्यायाधीश झाला.

बाकी नावं भराभर सांगतो. जेसी जॅक्सन, १९६४ चा, ज्याने १९८४ आणि १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागितली. क्लारा ॲडम्स-एंडर, १९६१ ची नर्सिंगची विद्यार्थिनी, पुढे लष्करी परिचारिका दलाची प्रमुख आणि ब्रिगेडियर जनरल. मायकल रेगन, २०२१ ते २०२४ अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा प्रमुख.

कृष्णवर्णीय इंजिनिअर घडवण्यात हे कॉलेज अमेरिकेत बरीच वर्षं आघाडीवर राहिलं आहे. पैशाचं मात्र जुनंच दुखणं. २०२३ मध्ये केंद्राच्या दोन मंत्र्यांनी राज्याला पत्र लिहून कळवलं की १९८७ ते २०२० या काळात, बरोबरीच्या सरकारी कॉलेजशी तुलना करता, ए अँड टीला २ अब्ज डॉलरहून जास्त कमी मिळाले.

आता रिचमंड. चौघांत गावचाच असा हा एक आणि ब्लेअर. कॉलेज अर्धवट राहिलं. आंदोलनाचा माणूस म्हणून गावात ओळख होती, त्यामुळे धमक्या यायच्या. शेवटी गाव सोडून डोंगराळ भागात जाऊन राहिला. आईवडील थकले तेव्हा त्यांना बघायला परत आला आणि एका शुश्रूषागृहात साफसफाई खात्यात लागला. १९९० मध्ये, ४९ व्या वर्षी गेला. ए अँड टीने त्याला मरणोत्तर मानद डॉक्टरेट दिली. २००२ मध्ये कॅम्पसवर चौघांचा पुतळा बसवला : दुकानातून बाहेर पडणारे चार तरुण. स्कॉट हॉल २००४ मध्ये पाडला. आता तिथल्या चार होस्टेलांना चौघांची नावं आहेत, आणि दर वर्षी फर्स्ट इयरची काही मुलं घरी फोन करून सांगत असतील, मला रिचमंडमध्ये रूम मिळाली.