एका आंकड्याची मर्यादा

घरोघर हातांत खेळणारीं यंत्रें एकमेकांशीं बोलतात, हें आतां लहान मुलांसही ठाऊक आहे. परंतु हें बोलणें सांभाळतो कोण, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. संगणकाच्या मूळ प्रणालीच्या अगदीं आंत एक गाभा असतो; त्यास कर्नल म्हणतात. जगांतील असंख्य सर्व्हर लिनक्स प्रणालीवर चालतात. तिच्या कर्नलमध्यें २०१९ सालीं सांपडलेल्या एका दोषाची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

संगणकाकडून जाणारा मजकूर अखंड जात नाहीं. त्याचे लहान तुकडे होतात व पलीकडील संगणक त्यांची पोंच देतो. मधला एखादा तुकडा गहाळ झाल्यास ‘अमुक पोंचले, अमुक राहिले’ अशी निवडक पोंच देण्याची सोय आहे. तिला सॅक म्हणतात. तिच्यामुळें हरवलेलें तेवढेंच पुन्हां धाडतां येतें. अशी पोंच आली म्हणजे कर्नल पोंचलेल्या तुकड्यांचे गठ्ठे एकत्र बांधतो आणि गठ्ठ्यांत तुकडे किती, हा आंकडा टिपून ठेवतो.

या आंकड्यास सोळा बिटांची जागा दिलेली होती. तींत ६५,५३५ च्या पुढची संख्या मावत नाहीं. विजेच्या मीटरचीं सर्व घरें नवांनीं भरलीं कीं तो पुन्हां शून्यावर येतो, तसाच हा प्रकार. नेहमींच्या व्यवहारांत ही सीमा कधीं गांठली जात नसे. परंतु तुकडा किती मोठा घेऊं, हें पलीकडचा संगणक आरंभींच सांगत असतो, आणि लिनक्स ही मर्यादा ४८ बाइटपर्यंत उतरूं देई. त्यांतील ४० बाइट इतर नोंदींत गेले, कीं मजकुरास ८ च उरत. एका गठ्ठ्याचे १७ भाग, प्रत्येक भाग ३२ किलोबाइटचा. म्हणजे एकूण ५,५७,०५६ बाइट. त्यांस आठांनीं भागल्यास तुकडे होतात ६९,६३२. आंकडा सीमा ओलांडून जाई आणि नोंद उरे अवघी ४,०९६ ची!

कर्नल आपला हिशेब ताडून पाहतो. तो जुळला नाहीं, तर भलतें कांहीं करण्यापेक्षां जागच्या जागीं थांबावें, असा त्या ठिकाणीं नियम होता. त्यामुळें दूरचा कोणीही दुष्ट मनुष्य, परवलीचा शब्द न देतां, सर्व्हर बंद पाडूं शकला असता. मग त्यावर पेढीचे व्यवहार असोत कीं रुग्णालयाचीं टिपणें.

२००९ च्या २.६.२९ या आवृत्तीपासून हा दोष तेथें होता. नेटफ्लिक्स कंपनींतील जोनाथन लूनी यांनीं तो शोधला आणि १७ जून २०१९ रोजीं तो ‘सॅक पॅनिक’ या नांवानें जाहीर झाला. त्याच दिवशीं दुरुस्तीही उपलब्ध होती. एरिक ड्यूमाझे यांनीं केलेला उपाय साधा होता: गठ्ठे जोडण्यापूर्वीं बेरीज पाहावी, ती सीमेबाहेर जात असेल तर जोडूंच नये. ज्यांस तत्काळ दुरुस्ती करणें शक्य नव्हतें, त्यांनीं निवडक पोंच तूर्त बंद ठेवावी, असा सल्ला देण्यांत आला.

सोळा बिटांची जागा नेमणाऱ्यास आम्ही निष्काळजी म्हणणार नाहीं. सरळ मनाच्या पाहुण्यास ती पुरेशी होती. वांकड्या चालीच्या पाहुण्याचा विचार तेवढा राहून गेला. आपल्या घरांतील राउटर व अँड्रॉइड फोन यांतही बहुधा हाच गाभा असतो. तेव्हां ‘नवी आवृत्ती आली आहे’ अशी सूचना दिसल्यास वाचकांनीं ती उद्यांवर ढकलूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.